बादलीतले औषध : मलावीतल्या एका गावातले पटकीचे नाटक

गाव, संस्था आणि माणसे ओळखू येतील असे तपशील या लिखाणात बदलले किंवा गाळले आहेत. देश, रोग आणि काळ तोच ठेवला आहे. मी त्या वेळी आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात पाणी आणि स्वच्छतेचे काम करणाऱ्या एका मदतसंस्थेत होते. त्याआधी सोलापूर जिल्ह्यात एड्सवरची पथनाट्ये केली होती, म्हणून नाटकाचा भाग माझ्याकडे आला.

## पार्श्वभूमी

२०२२च्या जानेवारीत आना आणि मार्चमध्ये गोंबे अशी दोन चक्रीवादळे दक्षिण मलावीवरून गेली. पुराच्या पाण्यात संडासाचे खड्डे आणि पिण्याच्या विहिरी एक झाल्या. मार्चमध्येच माचिंगा जिल्ह्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ जाहीर झाली. कोरड्या महिन्यांत ती विझेल असे सगळ्यांना वाटत होते. ती विझली नाही, आणि नोव्हेंबरात पाऊस सुरू झाल्यावर भडकली. डिसेंबरात सरकारने सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. जानेवारी २०२३ मध्ये लिलाँग्वे आणि ब्लांटायर या दोन मोठ्या शहरांतल्या शाळा ठरल्या दिवशी उघडल्या नाहीत. साथ ओसरेपर्यंत ५८ हजारांहून जास्त माणसे आजारी पडली आणि १७००हून जास्त दगावली. त्या देशाने पाहिलेली ही सर्वात भयंकर पटकी.

पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार भराभर निघून गेल्यामुळे. मीठ-साखरेचे पाणी किंवा सलाइन वेळेवर मिळाले तर शंभरातला एकही सहसा जात नाही. त्या साथीत शंभरामागे साधारण तीन गेले. बरीच माणसे उपचार केंद्रात पोहोचलीच ती फार उशिरा.

आमचे गाव याओ लोकांचे, बहुतेक मुसलमान. याओंमध्ये वंश आईकडून चालतो. लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, आणि घरातल्या मोठ्या निर्णयात शब्द चालतो तो आईच्या भावाचा. मामा या शब्दाला मराठीत जो मान आहे, त्याच्या कितीतरी पट अधिकार तिथल्या मामाला आहे. गावाची प्रमुख, म्हणजे म्फूमू, एक वयस्कर बाई होत्या. बोलणे घरात चियाओ भाषेत, बाजारात आणि सरकारी माणसांशी चिचेवात.

गावात अफ्रिदेव जातीचा एक हापसा होता. पावसाळ्याच्या आधीपासून तो बंद पडलेला. बायका नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत होत्या. त्याच नदीवर वरच्या अंगाला आणखी तीन वस्त्या होत्या.

आणि गावाला एक आरोग्य सहायक होता. सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एचएसए’ म्हणत. आपल्याकडच्या आशाताईंसारखीच हजार माणसांमागे एक अशी त्यांची नेमणूक ठरलेली आहे, पण ते पगारी सरकारी नोकर असतात, आणि प्रत्यक्षात एकेकाकडे हजाराहून बरीच जास्त माणसे येतात. या पदाचे मूळ देवीच्या लशी टोचणाऱ्यांत आणि १९७०च्या दशकात पटकीसाठी नेमलेल्या सहायकांत आहे. म्हणजे सायकलवरून क्लोरीन घेऊन येणारा हा माणूस मलावीच्या खेड्यांना दोन पिढ्यांपासून माहीत आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडले ते ‘अडाणी लोकांना नवे विज्ञान कळले नाही’ असे नव्हते.

## अडचण

शेजारच्या वस्तीत पहिला रुग्ण सापडल्यावर एचएसए आमच्या गावच्या झिऱ्यांपाशी बसू लागला. बाई पाणी भरून निघाली की तिच्या बादलीत मोजून क्लोरीन घालायचे आणि अर्धा तास थांबून मग प्या म्हणून सांगायचे. तिसऱ्या दिवशी गावात पहिली व्यक्ती आजारी पडली. आठवडाभरात दोन मृत्यू झाले, दोन्ही उपचार केंद्रात. प्रेते प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन आली. घरच्यांना मय्यताला आंघोळ घालता आली नाही, चेहरा पाहता आला नाही.

त्यानंतर एका सकाळी एका बाईने क्लोरीन घातलेली बादली त्याच्यासमोर ओतून दिली. दुसरीनेही ओतली. दोन तरुण त्याच्या अंगावर धावून गेले, सायकलचे चाक मोडले. त्या दिवसापासून तो गावात आला की लोक उठून जात.

आमच्या कार्यालयात या घटनेची नोंद ‘अफवा’ म्हणून झाली. मला तो शब्द तेव्हाही पटला नव्हता. गावाने जे पाहिले ते खरे होते : आधी बादलीवाला आला, मग आजार आला. पटकीचे जंतू पोटात गेल्यापासून जुलाब सुरू व्हायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. म्हणजे पहिला रुग्ण क्लोरीन यायच्या आधीच दूषित पाणी प्यायला असण्याची शक्यता मोठी. पण हे मधले दिवस डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो क्रम. सीमेपलीकडे मोझांबिकच्या नांपुला प्रांतात तर पूर्वी आणखी बिकट झाले होते. तिथे पोर्तुगीजमध्ये क्लोरीनला ‘क्लोरो’ आणि पटकीला ‘कोलेरा’ म्हणतात. विहिरीत क्लोरो टाकणारे लोक कोलेराच टाकत आहेत, असा समज पसरून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले.

भीतीला आणखी एक कारण होते. २०१७ मध्ये दक्षिण मलावीत रक्त शोषणारे लोक रात्री फिरतात अशी आवई उठली आणि जमावांनी माणसे ठार मारली. तो काळ सगळ्यांच्या आठवणीत ताजा होता. पुढचा हल्ला सायकलवर थांबेल याची खात्री कुणालाच नव्हती.

## समोर असलेले पर्याय

बैठकीत पहिली सूचना पोलिस बंदोबस्तात क्लोरीन घालण्याची आली. एचएसएनेच ती नाकारली. पोलिस संध्याकाळी परत जातील, मला इथेच राहायचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर कुणी वाद घातला नाही.

दुसरी सूचना गाडीवर कर्णा लावून फिरायची. ते झालेही. गाडी आली, गेली. तिसरी, म्फूमू आणि शेख, म्हणजे गावचे धर्मगुरू, यांच्याकडून हुकूम काढण्याची. म्फूमूंनी सांगितले की हुकूम मी देईन, पण बायका माझ्यासमोर पाणी घेतील आणि वळणावर ओतून देतील. मला ते फार प्रामाणिक उत्तर वाटले.

राहिले नाटक. त्यातही दोन वाटा होत्या. जिल्ह्यात एक नाट्यचमू होता. त्यांचे पटकीवरचे चाळीस मिनिटांचे नाटक बसलेले होते, उद्या बोलावले तर उद्या येतील. दुसरी वाट म्हणजे गावातल्याच माणसांबरोबर नाटक रचणे. या पद्धतीला मलावीत चांगली परंपरा आहे. झोंबाच्या चान्सलर कॉलेजमधल्या ख्रिस्तोफर कामलोंगेरा, डेव्हिड कर अशा नाट्यशिक्षकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८०च्या दशकात लिवोंडे भागात प्राथमिक आरोग्याच्या कामासाठी गावांत राहून नाटके उभी केली होती. त्याआधी बोत्स्वानात १९७४ मध्ये ‘लाएद्झा बाताननी’ नावाची मोहीम सुरू झाली. नावाचा अर्थ साधारण असा : उजाडले आहे, या, मिळून काम करू. गंमत, गाणी, बाहुल्या, नाटक आणि नंतर चर्चा. पण विषय अधिकाऱ्यांनी ठरवले आणि गाव प्रेक्षकच राहिले, अशी टीका पुढे त्या मोहिमेतल्याच काही जणांनी केली. ही टीका मी वाचलेली होती.

वाचलेली असूनही मी पहिली वाट निवडली. कारण एकच : वेळ. गावाबरोबर नाटक रचायला किमान आठ-दहा दिवस लागतील असा माझा अंदाज होता, आणि पटकी आठ दिवस थांबत नाही.

## पहिला प्रयोग

ब्वालो म्हणजे गावातली मोकळी जागा. तिथेच न्यायनिवाडा होतो, तिथेच नाच होतात. आपली चावडी आणि देवळासमोरचे पटांगण एकत्र केले तर जे होईल ते. दुपारी चमूने ढोल वाजवले आणि सगळे गाव जमले.

नाटकात एक आळशी, बढाईखोर माणूस होता. तो नदीचे पाणी तसेच पितो, हात धूत नाही, शहाण्या शेजाऱ्याची टिंगल करतो. मग त्याला जुलाब लागतात. नट उत्तम होता. पोट धरून धावण्याचे त्याचे सोंग पाहून मुले जमिनीवर लोळत हसली. शेवटी तो मरतो आणि शहाणा शेजारी लोकांना सांगतो की पाण्यात औषध घाला. टाळ्या पडल्या, गाणे झाले. मी फोटो काढले आणि हजेरी मांडली. त्या संध्याकाळी मी लिहिलेल्या अहवालात ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ असे शब्द आहेत.

दुसऱ्या दिवशी झिऱ्यावर कुणीही बादली पुढे केली नाही.

आमच्या चमूतली एक स्थानिक सहकारी दोन दिवस घरोघर हिंडून आली. तिच्याकडून कळले ते असे. गेलेल्या दोघांपैकी एकाची बहीण प्रेक्षकांत पुढेच बसली होती. तिचा भाऊ आळशी नव्हता, मूर्ख नव्हता. तो सगळे पीत होते तेच पाणी प्यायला होता. त्याला मरून पंधरा दिवस झाले नव्हते आणि गाव त्याच्या मरणावर हसले होते. तीच ती बाई, जिने पहिली बादली ओतली होती.

शहाणा आणि मूर्ख यांची जोडी आफ्रिकेतल्या आरोग्यनाटकांत वसाहतकाळापासून चालत आली आहे. सोपी असते, हसवते, आणि संदेश शहाण्याच्या तोंडी घालता येतो. मीसुद्धा सोलापूरकडे असाच एक मूर्ख ट्रक ड्रायव्हर रंगवला होता. त्या प्रेक्षकांत कुणाचा नवरा बसला असेल, कुणाचा भाऊ गेला असेल, हा विचार माझ्या मनात आला तो इतक्या वर्षांनी, मलावीत, त्या बाईचे ऐकल्यावर.

दुसरी गोष्ट शब्दाची. नटांनी पाण्यात ‘मान्ख्वाला’ घाला असे म्हटले होते. चिचेवात मान्ख्वाला म्हणजे औषध. पण जादूटोण्यासाठी कुणी काही घातले तर तेही मान्ख्वाला, आणि कपाशीवर फवारतात तेही मान्ख्वाला. हे ऐकल्याबरोबर मला समजले, कारण मराठीतही तेच आहे. आपला शेतकरी कपाशीवर औषधच मारतो. आणि ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य विदर्भातल्या घरात दबक्या आवाजात उच्चारले तर डॉक्टरच्या गोळ्या कुणाच्याही मनात येत नाहीत. तुमच्या पाण्यात आम्ही औषध घालतो, असे आम्ही त्या गावाला ढोल वाजवून सांगितले होते.

आणि तिसरी, नाटक चिचेवात होते. म्हाताऱ्या बायकांना चिचेवा समजते. पण प्रश्न विचारायचा, भांडायचे, तर त्यांना चियाओ लागते. चर्चेच्या वेळी त्या गप्प बसल्या, ते आम्ही संमती समजलो.

## दुसरा प्रयत्न

या वेळी आम्ही पाच दिवस घेतले. आठ-दहा दिवस लागतील हा माझा अंदाज चुकीचा निघाला. पहिल्या प्रयोगात आणि त्यानंतरच्या शांततेत गेलेला वेळ मोजला तर तेवढ्यात हे सहज झाले असते.

सकाळी बायका उखळात मका कांडतात. दोघी-तिघी आळीपाळीने मुसळ मारतात आणि गातात. या कांडणाच्या गाण्यांत नवऱ्याला, सासरच्यांना, प्रमुखालाही टोमणे मारण्याची मुभा असते. गाण्यात बोललेले कुणी अंगाला लावून घ्यायचे नाही. ज्यांच्या घरी जात्यावरच्या ओव्या ऐकल्या गेल्या आहेत त्यांना हे वेगळे समजवायला नको. मी आणि सहकारी तीन सकाळी नुसत्या बसलो. मला चियाओ येत नाही. ती हळू आवाजात अर्थ सांगत होती. एका गाण्यात हापशाबद्दल ओळ होती : आम्ही पैसे दिले, हापसा तहानलेला आहे, पैसे कोण प्यायले?

हापशाबद्दल आम्हाला कुणी सांगितले नव्हते असे नाही. तो बंद आहे हे आमच्या नोंदीत होते. पण तो बंद का आहे हे कुणी विचारले नव्हते. पाणी समितीने दर घरामागे दुरुस्तीचे पैसे जमा केले होते. वायसर आणि सळ्या आणायच्या होत्या. पैसे गेले कुठे ते कुणाला माहीत नव्हते, आणि खजिनदार म्फूमूंच्या बहिणीचा मुलगा होता. मातृवंशात बहिणीचा मुलगा म्हणजे वारस. म्हणून सभेत कुणी बोलत नव्हते.

म्हणजे गावाच्या मनात बादलीचा अर्थ असा होता : ज्यांनी आम्हाला स्वच्छ पाण्याचा हापसा दुरुस्त करून दिला नाही, तेच आता घाण पाण्यात काहीतरी ओतायला येतात.

नाटकात सात जण होते. पाच गावातले, शाळेतले एक शिक्षक आणि एचएसए. मध्येच थांबून प्रेक्षकांना विचारायचे, त्यांना वाटले तर त्यांनी उठून भूमिका घ्यायची, ही फोरम थिएटरची रीत ठेवली. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी ती रूढ केली. सूत्रधाराचे काम शिक्षकांनी केले. भाषा चियाओ.

भूमिका वाटताना एचएसएने एचएसए व्हायचे नाही असे ठरले. तो मामा झाला. आणि एचएसएची भूमिका मागून घेतली ती भावाच्या मृत्यूनंतर बादली ओतणाऱ्या बहिणीने. का, ते तिने सांगितले नाही. तालमीत तिने पहिल्यांदा बाटलीचे झाकण उघडून वास घेतला आणि किती घालायचे, जास्त पडले तर काय होते, लहान मुलाने प्यायले तर काय, असे प्रश्न विचारत राहिली. एचएसए मामाच्या वेशातच उत्तरे देत होता. त्याच्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांत हे प्रश्न त्याला कुणी विचारले नव्हते, असे तो मला नंतर म्हणाला.

त्या क्लोरीनला काय म्हणायचे यावर एक सगळी दुपार गेली. मान्ख्वाला नको. क्लोरीन हा शब्द परका. शेवटी बायकांनीच मार्ग काढला : नाव घ्यायचेच नाही, करून दाखवायचे. क्लोरीन घातल्यावर अर्धा तास थांबावे लागते ना, मग नाटक अर्ध्या तासाचे करा. सुरुवातीला सगळ्यांसमोर झिऱ्याच्या पाण्याच्या बादलीत ते घालायचे, बादली मध्ये ठेवायची, तिच्याभोवती नाटक करायचे, आणि शेवटी तेच पाणी करणाऱ्यांनी प्यायचे. नाट्यशास्त्राची पुस्तके वाचून मला हे सुचले नसते.

गोष्ट साधी होती. रात्री मुलाला जुलाब लागतात. बाप सायकलवर घालून केंद्रात न्यायचे म्हणतो. आई मामाला बोलावते. मामा म्हणतो, जे गेले ते पिशवीतून आले, मूल घरीच राहील. इथे सूत्रधार नाटक थांबवतो.

प्रयोगाच्या दिवशी इथे बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक म्हातारा उठला आणि म्हणाला की मामा बरोबर आहे. त्याच्यावर दुसरा उठला. एका तरुण बापाने सायकलवाल्याची जागा घेतली आणि मामाशी खराखुरा भांडला, अगदी थरथरत. प्रेक्षकांतून कुणी विचारले, केंद्रात नेल्यावर आईला आत जाऊ देतात का? एचएसएला मामाची भूमिका सोडून उत्तर द्यावे लागले. नाही, देत नाहीत. लोकांत कुजबुज झाली. आमच्यातल्या एकाला वाटले की हे उत्तर टाळायला हवे होते. मला वाटते त्या खऱ्या उत्तरामुळेच पुढचे घडले.

पुढचे म्हणजे मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, डोक्यावरून घट्ट ओढलेले. तिने सांगितले की ती केंद्रात गेली होती. चार दिवस होती. परत आली. तिच्या घरच्यांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हते. नातेवाइकांकडे गेल्याचे तिने सांगितले होते, कारण पटकी झालेल्या बाईच्या हातचे कुणी खाणार नाही अशी तिला भीती होती. हे तालमीत नव्हते, आम्हाला ठाऊकही नव्हते. म्हातारा परत उठला आणि तिला विचारले, किती वेळात गेलीस? सूर्य उगवायच्या आधी जुलाब लागले, सकाळच्या खाण्याच्या आधी पोहोचले, असे ती म्हणाली. म्हाताऱ्याने गेलेल्या दोघांचा हिशेब तिथेच मांडला. ते दुसऱ्या रात्री गेले होते.

यानंतर कांडणाऱ्या बायकांनी हापशाचे गाणे म्हटले. म्फूमू समोर बसल्या होत्या, खजिनदारही होता. शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून चालू द्या म्हटले. आजवर त्या एका क्षणाबद्दल माझे मत पक्के झालेले नाही. गाणे संपल्यावर खजिनदाराची बायको मुलांना घेऊन उठून गेली. शिक्षकांनी प्रसंग सावरला. पैसे कुणी घेतले हे न विचारता, हापसा चालू व्हायला काय काय लागेल, एवढेच विचारले. एका माणसाने बोटांवर मोजून सांगितले.

शेवटी बहिणीने बादलीतले पाणी पेल्यात घेतले आणि प्यायली. मग एचएसए. मग, कुणी न सांगता, म्फूमू.

## काय झाले

दुसऱ्या दिवसापासून झिऱ्यावर बादल्या पुढे येऊ लागल्या, सगळ्यांच्या नाहीत. काही घरांनी शेवटपर्यंत क्लोरीन घेतले नाही. त्यांचे म्हणणे वास सहन होत नाही एवढेच होते. त्यांना पाणी उकळायचा सल्ला दिला, पण सरपणाची टंचाई आम्हालाही दिसत होती. रुग्ण लवकर केंद्रात जाऊ लागले असे एचएसए सांगतो. साथ त्या सुमारास त्या भागात उतरणीलाही लागली होती, त्यामुळे श्रेय नाटकाला किती द्यायचे हे मी ठरवू शकत नाही आणि ठरवणारही नाही.

हापसा दुरुस्त झाला. वायसर आमच्या संस्थेने दिले, सळ्या गावाने. पैशांचा हिशेब मात्र झाला नाही. खजिनदार बदलला गेला. त्याच्या घराशी काही कुटुंबांचे बोलणे बंद झाले, आणि पुढे त्या घरात मूल आजारी पडले तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली नाही. मूल वाचले. ते घर एकटे पडले याला मी जबाबदार आहे.

दफनाचा प्रश्न सर्वात अवघड निघाला. नाटकानंतर शेख स्वतः केंद्रात जाऊन बोलले. घरच्या दोघांना हातमोजे आणि झगा घालून कफनात सहभागी होता यावे, आणि आईला कुंपणाबाहेरून तरी मूल दिसावे, एवढी मागणी होती. धोका न वाढवता हे करता येते. परवानगी मिळायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. मधल्या काळात आमच्या गावातली आणखी एक व्यक्ती गेली, आणि तीही बंद पिशवीतच परत आली. नाटकात लोकांनी मोकळेपणाने मागितले होते, आणि आमच्याकडे द्यायला काही नव्हते. त्या दफनानंतर दोन दिवस झिऱ्यावर एचएसए पुन्हा एकटा बसला.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ आले. मलावीत त्यात शेकडो माणसे गेली. आमच्या भागात रस्ते तुटले, झिरे गाळाने भरले, नाटकातले दोघे नातेवाइकांकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेले. चमू तिथेच संपला. हापसा उंचावर होता, तो वाचला.

## आज करायचे झाले तर

नाटकाच्या आधी केंद्रात जाईन. गाव काय मागेल याचा अंदाज तीन सकाळी कांडणाची गाणी ऐकूनच आला होता. दफन आणि भेट या दोन गोष्टींची बोलणी आधी सुरू केली असती, तर नाटकात आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देता आले असते. नसते मिळाले, तरी लोकांना सांगता आले असते की विचारणा सुरू आहे.

हापशाच्या गाण्याबद्दल म्फूमूंना आदल्या रात्री जाऊन सांगेन. गाणे वगळायला नव्हे. त्यांना त्यांच्या गावासमोर अचानक गाठू नये म्हणून. कदाचित त्यांनी खजिनदाराला त्या दिवशी दुसऱ्या कामाला पाठवले असते, कदाचित त्याच्याकडून आधी कबुली घेतली असती. त्या ज्या प्रकारे उठून ते पाणी प्यायल्या, त्यावरून वाटते की त्यांच्यावर एवढा विश्वास टाकायला हरकत नव्हती.

तयार नाटक आणणार नाही. वेळ नसला तर नाटक न करता नुसती बादली मांडून प्रश्न विचारायला लोकांना बोलावेन.

आणि बरी होऊन आलेल्या त्या बाईबद्दल. ती स्वतः उभी राहिली, तिला कुणी उभे केले नव्हते. पण त्यानंतर शेजारच्या गावांत प्रयोग ठरले तेव्हा तिला आम्ही बोलावले, कारण तिच्या बोलण्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नव्हता. पहिल्या गावात ती बोलली. दुसऱ्या गावातही बोलली. तिथून तिच्या नवऱ्याच्या बाजूच्या लोकांना कळले आणि एका लग्नात तिला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या गावासाठी तिने नाही म्हटले. मी तिच्या अंगणात बसून तासभर तिला समजावत राहिले. किती जीव वाचतील, हे बाई तुझ्याशिवाय कोण सांगेल, वगैरे. ती मक्याचे दाणे सोलत ऐकत होती. मग सहकारीने तिचे उत्तर मला सांगितले : माझ्या गावाला सांगायचे होते ते मी सांगितले. दाणे भरून झाले तशी ती सूप उचलून आत गेली, आणि आम्ही तिसऱ्या गावचा प्रयोग तिच्याशिवाय केला.